भिंतीपलीकडच्या भावास

उधना, सुरत

प्रिय योगराज,

फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून लिहितो. गेल्या सोमवारी मी आणि उषा उधन्याला परत आलो. तळमजल्यावरची खोली मिळाली. दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे. कुंदन आणि सूनबाई पलसाण्याच्या फ्लॅटवरच राहिले.

आपण दोघे धुळ्याहून इथं उधन्यात येऊन कापडाच्या लूमवर लागलो, तेव्हा तू माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत होतास. एका गल्लीत लग्नाचा मांडव पडून वाट अडली की दुसरीतून यायचं. उषा डाळ शिजायला ठेवून जावेकडे, चंचलकडे, चक्कर मारून यायची. आपण कधी लांब राहू असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मुलांनीही फ्लॅट घेताना पाठीला पाठ लागलेल्या सोसायट्या निवडल्या, दोघे भाऊ जवळ राहावेत म्हणून. मध्ये फक्त आठ फूट उंचीची भिंत. राहायला गेल्यावर कळलं की माझं गेट शेताकडच्या रस्त्याला आहे आणि तुझं हायवेला. साडेतीन किलोमीटरचा वळसा. आतले सगळे रस्ते कुठल्यातरी इमारतीपाशी जाऊन संपतात.

फेब्रुवारीत उषा स्वयंपाकघरात कोसळली, तो दिवस तुला सांगायला नको. ॲम्ब्युलन्सवाल्याला मोबाइलच्या नकाशात तुमची बाजू जवळ दिसली आणि तो तुमच्या गेटातून आत आला. भिंतीपलीकडून तुझा आवाज मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला, "दादा, गाडी इथं उभी आहे, आता काय करू?" हायवेचं काम चालू, त्यातून गाडी वळसा घालून येईपर्यंत अर्धा तास गेला. उषा वाचली. उजवा हात मात्र तिला अजून उचलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

एप्रिलमध्ये मी तुमच्या कमिटीला अर्ज दिला. भिंतीत माणूस जाईल एवढं फाटक ठेवा, कुलूप तुमचंच लावा, असं लिहिलं होतं. पंधरा दिवसांनी नकार आला. सुरक्षेचं कारण होतं आणि खाली सात सह्या. तिसरी तुझी. तुझा र मी शाळेपासून ओळखतो. चारचौघांत तुला नाही म्हणता आलं नसेल, नव्या जागी तुझ्या मुलाला सगळ्यांशी जमवून घ्यायचं असतं, असं मी धरून चाललो. राग आला होता. आता तितका नाही.

त्यानंतर तू एकदाही आला नाहीस. उषा रोज विचारते, "तुमना भाऊ कव्हय येई?" मी तिला हायवेचं काम सांगतो, तुझ्या गुडघ्याचं सांगतो. पत्र लिहायचं कारण एवढंच, की त्या सहीचं मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तेव्हा लाजू नकोस. चंचललाही घेऊन ये, आणि उषासमोर फाटकाचा विषय काढू नकोस.

तुझाच दादा,
सुकदेव