मंडळीत वाचायचे पत्र

कोल्हार, १२ ऑक्टोबर १९४१

चि. थॉमस यास योहानचा सप्रेम सलाम व अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. रिवाजाप्रमाणे आज चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीत मोठ्याने वाचले. रंगूनच्या बंदरात आपल्या गावचा कारकून बसतो, याचे तुझ्यापेक्षा मंडळीलाच कौतुक जास्त. दया छोट्या रोझीला घेऊन तुझ्याकडे यायला उतावीळ झाली आहे. तिची आई मार्थाबाई मात्र म्हणतात, मास्तर हो म्हणतील तरच लेकीला पाठवीन.

शाळेत सध्या रोमचे राज्य शिकवतो आहे. ते बुडाले कशाने? शत्रू, कर, दुष्काळ ही कारणे पुस्तकात आहेतच. मी मुलांना सांगितले की, सरहद्दीवरचा अंमलदार वरच्याला आवडेल तेवढेच कळवू लागला की राज्य आतून पोखरले जाते. शेजारचे काकासाहेब खिडकीशी ऐकत होते. म्हणाले, मास्तर, मंग आपल्या सरकारला खरं कोन सांगतं? शाळा सरकारी ग्रँटवर चालते, म्हणून मी विषय बदलला.

तू तरी खरे लिही. जपानची लढाई तिकडे येईल का? दयेला पाठवू का?

तुझे भले चिंतणारा,
योहान

रंगून, २४ ऑक्टोबर १९४१

ती. दादांस थॉमसचा सा. सलाम वि. वि.

दादा, तुमच्या रोमपेक्षा आमचे बंदर मजबूत आहे. इंग्रजांच्या राज्याला कोण हात लावतो? आमच्या साहेबाने मडमेला इथली हवा मानवत नाही म्हणून सिमल्याला पाठवले, एवढीच काय ती बातमी. दयेला बेलाशक पाठवा. सासूबाईंना म्हणावे, जावई मजेत आहे.

माया आहे तशीच राहू द्यावी.
थॉमस

रंगून, १४ नोव्हेंबर १९४१

फक्त दादांस, सा. सलाम वि. वि.

हे पत्र मंडळीत वाचू नका. मागचे मंडळीसाठी होते. सासूबाई आणि पाळकसाहेब ऐकत असताना मला भीती वाटते असे कसे लिहू? आणखी चार मडमा इथून निघून गेल्या. आम्ही कचेरीचे कागद पेट्यांत भरतो आहोत, आणि कोणी विचारले तर सारे ठीक आहे असे सांगण्याचा हुकूम आहे.

दयेला पाठवू नका. निघाली असेल तर तार करून वाटेत थांबवा.

तुमचा,
थॉमस

कोल्हार, २६ डिसेंबर १९४१

चि. थॉमस यास सप्रेम सलाम.

रंगूनवर बॉम्ब पडल्याचे काल नाताळच्या उपासनेनंतर कळले. काकासाहेबांनी नगरहून पेपर आणला होता. तुम्हा तिघांचे काही समजत नाही. मार्थाबाईंनी अन्न टाकले आहे. त्या मला दोष देत नाहीत.

त्यांना ठाऊक नाही ते तुला लिहितो. तुझे खासगी पत्र मला मंगळवारी, २५ नोव्हेंबरला मिळाले. दया तेव्हा रोझीला घेऊन, पोचवायला गेलेल्या आपल्या भावाबरोबर कलकत्त्यात जहाजाची वाट पाहत होती. तिथला पत्ता माझ्या खिशात होता. पण तुझे आधीचे पत्र भर मंडळीत वाचून मीच तिला पाठवली होती. आता कोणत्या तोंडाने परत बोलावू, मास्तर घाबरला म्हणून लोक हसतील, याच विचारात मी दोन दिवस घालवले. वर्गात रोमवर तोंड वर करून बोलणारा मी. थॉमस, मला माझी लाज वाटते.

जहाज गुरुवारी सुटले. तार मी शुक्रवारी केली.

तुमच्या एका ओळीसाठी डोळे लावून बसलेला,
योहान