फळ्यांना न शिवणारा खांब

प्रिय राग्ना,

आधी खाली बस. हातात काही असेल तर ठेव बाजूला, आणि हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय नवऱ्याला, योस्टाइनला हाक मारू नकोस. मला पत्रं लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. आमच्या वेळी सात यत्ता झाल्या की मुलींना सरळ मासळीच्या कारखान्यात उभं करायचे. तिथे मी सुरी धरायला शिकले, पेन नाही. तेव्हा चुका काढत बसू नकोस. फोनवरच सांगितलं असतं, पण या नव्या घरात फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे आणि तुझा बाप दिवसभर तिथेच कॉफीचा कप घेऊन बसलेला असतो. आत्ता तो बोटीच्या शेडमध्ये गेलाय. तो यायच्या आत लिहून टपालात टाकते. म्हणजे हे पत्र तुझ्याच फेरीबोटीने तुझ्याकडे येईल, आणि तू खाली इंजिनापाशी असशील, तुला पत्ताही नसेल.

परवा तू विचारलंस, जुन्या घराच्या बैठकीतला तो कमरेएवढा खांब पाडला तर चालेल ना? गुरुवारी गवंडी मशीन घेऊन येतोय, खांब गेला की तिथे मोठं जेवणाचं टेबल बसेल, भोवतीच्या फटीतून येणारा गारठाही बंद होईल. तुझ्या बापाने काय उत्तर दिलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. "घर आता तुमचं आहे पोरी, मला कशाला विचारतेस?" फोन ठेवला, टोपी घातली आणि बाहेर. मी मागून ओरडले, "अरे, सांगायचंस की तिला!" तर म्हणतो, "काय सांगायचं? काँक्रीट आहे ते, हेर्दिस. लोक काँक्रीट तोडतात." तेव्हापासून जेवताना माझ्याशी फक्त हवामानावर बोलतोय. वारा कुठून आहे, उद्या धुकं पडेल का. हा माणूस घरात हवामानावर बोलायला लागला की समजावं, आत काहीतरी जोरात हललंय.

तो खांब म्हणजे बापाचं वेड, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. अख्खं बेट म्हणायचं, टोरलेवने गाण्यापायी राहत्या घराला भोक पाडलं. तुझ्या लग्नात तूसुद्धा ग्लास हातात घेऊन म्हणालीस, "माझ्या बाबांचं आईवर प्रेम होतं, माझ्यावर होतं, पण घर फोडलं ते रेकॉर्ड प्लेअरसाठी." लोक टेबलं बडवून हसले. सगळ्यात मोठ्याने तोच हसला. मी हसले नाही. तुला वाटलं, आईला अजून तिच्या फळ्यांचं दुःख आहे.

फळ्यांचं दुःख होतंच. खोटं कशाला बोलू? पण नीट ऐक.

तो प्लेअर तुझ्या बापाने बेर्गनहून आणला तेव्हा स्वतःचा कोट त्याला गुंडाळून आणला होता, आणि स्वतः बोटीवर कुडकुडत आला. माझ्या आईच्या लाकडी पेटीवर तो मांडला, सुई ठेवली, आणि आवाज काय आला! खर्ज असा घुमायला लागला की जणू फळ्यांखाली बैल बांधलाय. योस्टाइन शहरात वाढलाय, त्याच्या घरी सिमेंटची जमीन होती, म्हणून त्याला समजेल असं सांगते. आपलं घर लाकडाचं. तुळया, त्यावर फळ्या, खाली पोकळी. म्हणजे ढोलच. स्पीकर वाजला की जमीन थरथरते, जमिनीने पेटी थरथरते, पेटीने सुई. आता सुईला काय कळतंय, कुठली थरथर तबकडीतली आणि कुठली जमिनीची? ती बिचारी सगळंच उचलते आणि पुन्हा स्पीकरकडे पाठवते. हे मला शाळेत शिकवलेलं नाही. तुझ्या बापाने रोज जेवताना शिकवलं, मी "मीठ दे" म्हटलं तरी.

मग सुरू झाले त्याचे प्रयोग. किनाऱ्यावरून एक दगडाची लादी आणली, ती पेटीवर. घुमणं जरा कमी झालं. मग लादीखाली सायकलची ट्यूब, अर्धी हवा भरून. घुमणं गेलं, पण कोणी शेजारून गेलं की सगळं पाळण्यासारखं झुलायचं. मग भिंतीवर फळी ठोकली. पश्चिमेचा वारा सुटला की आपली भिंतच हलते, त्याला ती काय करणार? शेवटी छताच्या तुळईला चार दोर बांधून त्यावर प्लेअर टांगला. मी म्हटलं, "आता याला चारा घालायचा का?" दर शनिवारी तांदळाची खीर झाली की चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा आनफिन यायचा, खिरीवरचं लोणी बोटाने चाटून घ्यायचा, आणि कुठल्या आधाराने आवाजात काय बिघडलं यावर प्रवचन द्यायचा. माझा कान काही तसा नाही. पण दगडावर तो आवाज भरीव यायचा आणि दोरांवर उघडा-वाघडा, एवढं मलाही कळायचं.

आणि त्यात तू. आपल्याकडे दाराशी बूट काढून सगळे लोकरीच्या मोज्यांवर घरात फिरतात. घरात बूट एकाच माणसाच्या पायात, तुझ्या. खुब्याचा सांधा जन्मापासून सरकलेला, एक पाय आखूड. त्याला तो उंच टाचेचा बूट आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या. तू चाललीस की ठण, ठण, ठण. खीर संपवून तू बैठकीत आलीस की सुई उडी मारायची. एकदा आनफिन म्हणाला, "टोरलेव, पोरीला जरा बसवून ठेव की. अर्धं गाणं गेलं." तबकडी आपल्या डोंगराकडच्या व्हायोलिनची होती, आणि ते वाजवणारा ठेक्यावर पाय आपटतो हे तुला माहीतच आहे. तुझा बाप म्हणाला, "त्या माणसाचा पाय ऐकायला आपण पैसे मोजले, आनफिन. माझ्या पोरीचा फुकट ऐकायला मिळतोय." आनफिन लाल झाला आणि कॉफीत साखर ढवळत बसला, घातली नव्हती तरी.

पण तू ऐकलं होतंस. सहा वर्षांची होतीस. पुढच्या शनिवारी खीर संपली आणि तू जाऊन जिन्यावर बसलीस. कोणी सांगितलं नव्हतं. बापाने हाक मारली, "ये ना ग आत." तू म्हणालीस, "इथूनच छान ऐकू येतं." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. आम्हाला वाटलं, मुलांची लहर. मग एका शनिवारी मोठी तबकडी लागली. बाजू संपली, आनफिन घरी गेला, आणि मी तुला उचलायला आले तर पायरी ओली, तू ओली, लोकरीचा मोजा ओला. संडासाला जायचं तर बैठकीतून जावं लागायचं. तू मला कानात म्हणालीस, "मला जायचं होतं ग, पण गाणं चालू होतं."

तुला हे आठवत नसेल. नसलं तर बरंच आहे. मी तुला धुतलं, झोपवलं, आणि खाली आले ते प्लेअर समुद्रात फेकायच्या तयारीनेच. तुझा बाप बैठकीच्या मधोमध उभा होता. मला म्हणतो, "तुझी विणायची खुर्ची कुठे सरकवू?" मग त्याने सतरंजी गुंडाळली आणि खडूने फळ्यांवर चौकोन काढला.

दुसऱ्या दिवशी रविवार. लोक चर्चला निघालेत आणि आपल्या घरातून करवतीचा आवाज! आपल्या बेटावर, रविवारी! आनफिन नंतर म्हणाला, ऑर्गन वाजवताना दोन स्तोत्रांच्या मध्ये मला टोरलेवची करवत ऐकू येत होती. त्या दिवसापासून तुझा बाप वेडा ठरला. ज्या फळ्या मी दर शुक्रवारी हिरव्या साबणाने गुडघ्यावर बसून घासायची, त्या त्याने माझ्या डोळ्यांदेखत कापल्या. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, पत्र जळेल. तो भोकात पालथा पडून खालचा कातळ ब्रशने घासत होता. म्हणाला, "हेर्दिस, बेट हलतं का कधी?" मी म्हटलं, "तुझं डोकं हललंय." म्हणाला, "बेट हलत नाही. खांब थेट बेटावर उभा करायचा. फळ्यांना शिवू द्यायचा नाही. मग फळ्यांवर कोणी काहीही करो." काहीही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मग मी तोंड बंद केलं आणि फावडं घेतलं.

गोदीतल्या पुरुषांनी त्याला विचारलं होतं, माल कालवायला येऊ का? त्याने सांगितलं, बायको आहे. हो, मीच कालवला. किनाऱ्याची वाळू घेऊ दिली नाही, तिच्यात मीठ; बेटाच्या आतल्या खाणीवरची आणायला लावली. पाणी हात राखून घातलं. साच्यात ओतल्यावर काठीने टोचून टोचून हवा काढली, वर ओली पोती घातली आणि रोज पाणी मारलं. पोरी, त्या खांबाला आजवर केसाएवढी चीर नाही. बेटावरच्या नव्या धक्क्याला गेली, माझ्या खांबाला नाही. गवंड्याला सांग, ब्लेड जास्तीची आण.

खांब पक्का झाल्यावरच्या शनिवारी आनफिन आला, सवयीने. प्लेअर खांबावर, त्याच्या शेजारी खांबावरच काठोकाठ पाण्याचा ग्लास. तीच व्हायोलिनची तबकडी. तुझ्या बापाने जिन्याकडे बघून हाक मारली, "राग्ना, आत ये." तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "बघतेस काय? जा." तू भिंतीला धरून धरून आत आलीस. सुई जागची हलली नाही. बाप म्हणाला, "आता उडी मार." तू नाही म्हणालीस. तो म्हणाला, "मार ग, बेट आहे खाली." आणि तू मारलीस. माझ्या कपाटातले कप खणखणले, आनफिनची बशी हलली. ग्लासातलं पाणी हललं नाही. मग तू थांबायलाच तयार नाहीस. त्या वाजवणाऱ्याच्या ठेक्यावर ठण, ठण, खांबाभोवती फेऱ्यावर फेऱ्या. त्याचा पाय स्पीकरमधून, तुझा फळ्यांमधून, दोन्ही वेगवेगळे, स्वच्छ. आनफिनने चष्मा काढला. त्या व्हायोलिनला खालच्या ज्या तारा असतात, ज्यांना गज लागत नाही पण वरच्यांबरोबर गुणगुणतात, त्या त्याला म्हणे पहिल्यांदा ऐकू आल्या. खर्ज मोकळा झाला म्हणाला. "ऐकलास ना फरक, टोरलेव?" तुझा बाप म्हणाला, "कसला फरक? मी तबकडी ऐकतच नव्हतो."

मी त्याला तेव्हाच म्हटलं, लोकांना खरं कारण सांग, निदान वेडा तरी म्हणणार नाहीत. तो ऐकेना. "ती मोठी झाली की तिला वाटेल, माझ्या पायापायी बापाला घर फोडावं लागलं. त्यापेक्षा बाप गाण्याचा वेडा आहे असं वाटू दे. वेडा बाप पोरांना चालतो." माझ्याकडून शब्द घेतला. तोंडात तीळ न भिजणारी मी, पण तेवढा शब्द मी पाळला, तुझ्या लग्नातसुद्धा. आज मोडतेय, आणि मला त्याची जराही लाज नाही.

कारण मला त्याचा अभिमान आहे. तुझाही आहे, पण तुला तोंडावर सांगितलं तर तू विचारशील, आई, बरी आहेस ना? आम्ही तुझ्या बोटीने जातो तेव्हा हा माणूस सगळ्यांदेखत वाकून डेकला तळवा लावतो. मी म्हणते, "ऊठ, लोक बघताहेत." तर मोठ्याने म्हणतो, "इंजिन सुरेख चाललंय. माझी राग्ना आहे खाली." ज्या मुलीला गाणं चालू असताना बैठकीतून चालायची भीती वाटायची, ती अख्ख्या लोखंडी बोटीची यंत्रं सांभाळते, आणि खुशाल थरथरत्या पत्र्यावर दणादण चालते. मीही तळवा लावते. तो दुसरीकडे बघत असतो तेव्हा.

या नव्या घरात सगळी जमीनच सिमेंटची. प्लेअर साध्या स्टुलावर ठेवलाय, मी शेजारी नाचले तरी सुई ढिम्म. तेव्हा खांबाची गरज त्याला नाही आणि मला नाही. योस्टाइन त्यावर फुलांची कुंडी ठेवतो, त्यापेक्षा टेबल परवडलं. पाडू नकोस असं सांगायला मी बसलेच नव्हते. बसले ते एवढ्यासाठी की काँक्रीटच्या पोटात लोखंड लागतं, आणि तेव्हा गोदीतून सळया आणायची आपली ऐपत नव्हती. शेडमध्ये खिळ्याला तुझ्या पायाच्या जुन्या पट्ट्या लटकत होत्या. तू वाढायचीस, बेर्गनचे डॉक्टर नव्या द्यायचे, आणि जुन्या टाकायचं धाडस त्याला होत नव्हतं. त्याने त्या तारेने एकीला एक बांधल्या, सगळ्यात लहान जोडी खाली कातळावर. तार मी धरली होती. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तर म्हणाला, "चांगलं लोखंड आहे, वाया का घालवायचं?" गुरुवारी ते गवंड्याच्या हातात येईल, वीतभर लांब, आणि तो तुला विचारेल, बाई, हे काय आहे? ते तुला परक्या माणसासमोर पहिल्यांदा दिसू नये, म्हणून हे सगळं. आता तुला माहीत आहे. तोडायचा तर खुशाल तोड. पण त्याआधी वरची कुंडी काढ, काठोकाठ भरलेला ग्लास ठेव, आणि बूट घालून जोरात उडी मार. योस्टाइनला बघू दे. मग बापाला फोन कर. बाकी काही बोलू नकोस, फक्त हवामान कसं आहे ते विचार. त्याला कळेल.

तुझीच,
आई