आधी कोण उठणार

मी, अपोलोनिया रिटलर, वय अडुसष्ट, एकतीस वर्षे एलरब्रुन नगरसभेचे दालन सांभाळून आता घरी बसलेली, राहणार पिंपवाल्यांची गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती कफाने भरलेली आहे, डोके साफ आहे. कारकून लावलेला नाही. मठातल्या सिस्टरांनी मला लिहायला आणि लॅटिन समजायला शिकवले. ते लॅटिन आयुष्यात एकदाच कामी आले, ते पुढे येईल.

१. माझ्या पतीचे, योस्टचे, रंधे आणि पटाशा मुलगा मेल्खिओरला. त्याची पिंपे गळतात, त्यात हत्यारांचा दोष नाही.

२. तांब्याची मोठी कढई मुलगी ओटिलियाला. ती तिने सहा वर्षांपूर्वी न विचारता नेलीच आहे.

३. राहते घर दोघांना निम्मे निम्मे, एका अटीवर. अट कळायला आधी हकिकत वाचावी, कारण दोघेही ती चुकीची सांगतात.

माझे पती योस्ट प्रोटेस्टंट, मी कॅथलिक. लग्नाच्या करारात ठरल्याप्रमाणे मुलगा बापाच्या चर्चमध्ये गेला, मुलगी माझ्या. अठरा वर्षांपूर्वी आमच्या दालनात प्रोटेस्टंटांचे पाळक एगोल्फ आणि आम्हा कॅथलिकांचे फादर हिएरोनिमस यांचा जाहीर वाद झाला. खरा धर्म कोणाचा, याचा निकाल लागायचा होता. आधी प्रार्थना कोणी म्हणायची यातच तीन दिवस गेले. शेवटी दोघांनी एकदमच म्हटली, मोठमोठ्याने. देवाला काय ऐकू गेले ते त्यालाच ठाऊक. वाळूचे घड्याळ उलटायला मी होते. दोघे एकमेकांना लॅटिनमध्ये गाढव म्हणत; मला ते कळते, हे दोघांनाही माहीत नव्हते. नियम असा होता की जो आधी जागेवरून उठेल तो हरला.

चौथ्या दिवशी विषय होता, मरणाऱ्या माणसाला नेमके काय लागते. त्याच दुपारी समोर आमच्या घरी योस्टला घरघर लागली. मेल्खिओर धावत आला.

"पाळकसाहेब, बाबांचं काही खरं नाही. चला ना."

"आलोच रे. आधी यांना उठू दे."

ओटिलिया फादरांच्या कानाशी लागली. "फादर, शेवटच्या घडीला बाबा आपल्यात येतीलसुद्धा."

"येतो पोरी. हे गाढव उठलं की लगेच."

कोणी उठले नाही. मुले आपापल्या माणसाची वाट पाहत दारात उभी राहिली. मी घड्याळ उलटत राहिले. दालन सोडता येत नव्हते, असे मी नंतर सगळ्यांना सांगितले. मला कोणी अडवले नव्हते.

योस्ट एकटा गेला. उशाशी शेजारणीचे मांजर होते. मग मात्र दोन्ही विद्वान उठले, प्रेत कोणाच्या दफनभूमीत न्यायचे यावर भांडायला. वाद बरोबरीत सुटल्याची नोंद झाली. तेव्हापासून मेल्खिओर म्हणतो बाबांना फादरांनी मारले, ओटिलिया म्हणते पाळकांनी, आणि सख्खी भावंडे एकमेकांशी बोलत नाहीत.

४. ते घड्याळ नगरसभेने मला निरोपाला दिले. आपल्या विजयाची खूण म्हणून ते दोन्ही धर्मगुरूंना हवे आहे. जो आधी मागायला येईल, त्याला मिळणार नाही.

५. आता अट. माझी वेळ आली की कोणाला बोलवायला पळायचे नाही. पापे मी काल कबूल केली आहेत, घड्याळाचेही त्यात आले. मेल्खिओरने पलंगाच्या एका बाजूला बसावे, ओटिलियाने दुसऱ्या. माझा एकेक हात धरावा. बोलला नाहीत तरी चालेल. घड्याळ उशाशी आडवे ठेवा, वाळू हलू नये. मी जाण्याआधी जो उठेल, त्याचा निम्मा हिस्सा वेशीबाहेरच्या महारोग्यांना.

साक्षीदार: उर्बान गेस्लर, पाववाला, कॅथलिक. मातेउस क्लोत्स, कुलूपवाला, प्रोटेस्टंट. आधी सही कोणाची यावर अडून बसले, म्हणून दोन टाक देऊन एकदम करवली. खालचा शाईचा डाग त्यांचा आहे, माझा नाही.

सही: अपोलोनिया रिटलर

एलरब्रुन, सन १६०७. फादरांच्या पंचांगाने ३ मार्च, पाळकांच्या पंचांगाने २१ फेब्रुवारी. खोकला दोन्हींत तोच.