नेच्याच्या पानांमागचे ठिपके

३ मार्च, रविवार

सौ. सकाळच्या गाडीने तिच्या आईकडे गेली. तीन आठवड्यांसाठी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता टाकता म्हणाली — "माहेरवाशिणीला रोज बघा. साहेबांना विसरलात तरी चालेल."

माहेरवाशीण म्हणजे तिचा नेचा, कुंडीतला फर्न. तिच्या आईच्या अंगणातल्या मूळ झुडपाचा तुकडा, म्हणून हे नाव. साहेब म्हणजे माझा निवडुंग. हे नाव का, ते तिने कधी सांगितले नाही. मीही कधी विचारले नाही.

सूचना लेखी मागितल्या तर हसली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वनस्पतींशी संबंध जेवणाच्या ताटापुरता. परंतु औषधांचे गोदाम बावीस वर्षे सांभाळतो आहे. तिथल्या प्रत्येक खोक्याचे तापमान आणि मुदत मला तोंडपाठ. दोन कुंड्या काय जड!

५ मार्च, मंगळवार

दोन्ही कुंड्यांचा अभ्यास पूर्ण.

निवडुंग — जागा अंगणाच्या उन्हाच्या कोपऱ्यात. माती वाळूमिश्रित. पाणी पंधरा दिवसांनी एकदा, तेही बेताचे. जास्त दिले तर मुळापासून कुजतो; विसरलो तर उपकार मानतो. वर्षाची वाढ बोटाच्या पेराएवढी. काटे एकसारख्या ओळीत. तक्रार नाही.

नेचा — जागा भिंतीच्या सावलीत. माती सदैव ओलसर हवी, पण चिखल नको. थेट ऊन लागले की करपतो, कोरडा वारा लागला की टोके तपकिरी. सकाळी पाण्याचा फवारा. नवे पान मुठीसारखे गुंडाळून वर येते आणि स्वतःच्या सवडीने उलगडते. घाई करून उपयोग नाही. गोदामातला जुना आर्द्रतामापक मागून आणला आणि त्याच्या शेजारी टांगला.

एकाला दुर्लक्ष मानवते, दुसऱ्याला कौतुक लागते. माझा कल कुणाकडे, हे सांगायला नको.

७ मार्च, गुरुवार

सौ.चा फोन. सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले त्याला आता दोन महिने झाले. काठीने चालतात, पण यापुढे त्यांनी एकटे राहू नये, असे डॉक्टरांचे स्पष्ट मत. मेहुणा खेपा घालून दमला. त्याने वृद्धाश्रमात त्यांचे नाव दिले आहे. बावीस तारखेपर्यंत होकार कळवायचा.

एवढे सांगून सौ. थांबली. त्यांना आपल्याकडे आणू का, हे तिने विचारले नाही.

का विचारले नाही, ते मला ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी सासूबाई दहा दिवस राहायला आल्या होत्या. रेडिओ मोठ्याने. चमचे सुऱ्यांच्या खणात. ओले फडके नळावर. मी एका शब्दाने बोललो नाही — फक्त स्वयंपाकघरातल्या प्रत्येक खणावर चिठ्ठी चिकटवली. सुवाच्य अक्षरात. सहाव्या दिवशी त्या परत गेल्या. गुडघा दुखतो म्हणाल्या. दुखऱ्या गुडघ्याने कोणी आठ तासांचा प्रवास का करावा, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

८ मार्च, शुक्रवार

नेच्याचे एक पान पूर्ण उलगडले. गोदामात सर्वांना सांगितले. कोणी विचारले नव्हते.

१२ मार्च, मंगळवार

संकट! नेच्याची पाने उलटून पाहिली, तो पाठीमागे तपकिरी ठिपके. एकेका पानावर शेकडो. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, समान अंतरावर. नखाने खरवडले तर भुकटी निघाली.

कीड. शंकाच नको. गोदामात एक खोके बिघडले की ती सगळी खेप वेगळी काढतात. कात्री उकळून घेतली. ठिपक्यांची अकरा पाने बुंध्याशी कापली, पिशवीत घालून तोंड बांधले. निवडुंग सहा फूट लांब नेऊन ठेवला. नेच्याची उरली चार पाने.

वेळेवर लक्षात आले, हे नशीब. समाधानाने जेवलो.

१३ मार्च, बुधवार

औषध विचारावे म्हणून एक पान घेऊन रोपवाटिकेत गेलो. तिथल्या बाई साठीच्या, कोपरापर्यंत मातीत. त्यांनी पान उजेडात धरले, माझ्याकडे पाहिले, आणि आत हाक मारून बहिणीला बोलावले. "अगं, ये इकडे. बघ यांनी काय केलंय."

मग मला म्हणाल्या — "दादा, कीड नाही ही. नेच्याला ना फूल, ना फळ. त्याचं बी म्हणा, काय म्हणा, ते असं पानाच्या पाठीवर येतं. झाड मजेत होतं तुमचं."

बहिणीने विचारले, किती पाने कापली? अकरा म्हटल्यावर ती तोंडाला पदर लावून पुन्हा आत गेली.

मी म्हणालो, खात्री करायला हवी होती. "आणि कीड कधी अशी रांगेत बसते होय?" बाई म्हणाल्या. शिस्त ओळखण्यात माझी हयात गेली!

उपाय विचारला. "काही नाही. पाणी द्या, आणि कात्री लपवून ठेवा."

१४ मार्च, गुरुवार

सौ.ने फोनवर विचारले, माहेरवाशीण कशी आहे? "सुटसुटीत आहे," म्हणालो. हे खोटे नाही.

१७ मार्च, रविवार

सुटी. सकाळभर अंगणात बसलो. हातात चहा, समोर दोन कुंड्या. बऱ्याच दिवसांत इतका निवांत नव्हतो.

निवडुंग पुन्हा जागेवर आणताना एक गोष्ट दिसली. साहेब सरळ उभे नाहीत. पट्टी लावून पाहिले — उन्हाच्या बाजूला चांगले दोन बोटे झुकले आहेत, आणि भिंतीकडची बाजू फिकट पडली आहे. नऊ वर्षांत मी कुंडी एकदाही फिरवली नाही. त्याला काही लागत नाही, अशी माझी ठाम समजूत. लागत होते, मागत नव्हता इतकेच. कुंडी पाव वळण फिरवली.

नेच्याच्या बुंध्याशी दोन नव्या मुठी.

सासूबाई आठवल्या. त्या सहा दिवसांत स्वयंपाक करताना त्या सारख्या गुणगुणत होत्या. शेवटच्या दिवशी गुणगुणत नव्हत्या. मला त्या दिवशी घर नीटनेटके वाटले होते.

१९ मार्च, मंगळवार

खणांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. गरम पाणी आणि नख. सात वर्षांचा डिंक सहजी सुटत नाही. दोन तास लागले.

२१ मार्च, गुरुवार

उद्या मुदत. काय बोलायचे ते आधी कागदावर लिहिले. तीन वाक्ये झाली, दोन खोडली. फोन लावला.

"आईंना इकडेच आण. मधल्या खोलीत सकाळचं ऊन येतं."

फोन कटला की काय, म्हणून दोनदा पाहिले. मग तिचा आवाज — "आणि चमचे?"

"कुठेही."

"रेडिओ?"

"माझी ऐकायची तयारी आहे."

"तुमची तब्येत बरी आहे ना?" असे तिने विचारले. बरी आहे म्हणालो, आणि ओघात अकरा पानांचेही सांगून टाकले. ती इतकी हसली की सासूबाईंनी आतून विचारले, काय झाले ग. तिने सांगितले. मग त्यांचाच आवाज आला, लांबून पण खणखणीत — "जावईबापूंना म्हणावं, आमच्या मामंजींनी तर ते ठिपके ब्रशने घासून काढले होते. तरी आलेच की ते पुन्हा."

मेहुण्याला नकार कळवण्याचे काम तिने घेतले.

२२ मार्च, शुक्रवार

मधली खोली झाडली. पलंग खिडकीपासून दीड हात सरकवला. उशीवर थेट ऊन नको. स्नानगृहात हाताला धरायला दांडी बसवून घेतली. सुताराने उंची विचारली, तेव्हा सासूबाई किती उंच आहेत हे मला सांगता आले नाही. फोन करून विचारले.

२४ मार्च, रविवार

दोघी सकाळी पोचल्या. सासूबाईंचे सामान एका पिशवीत मावले. सौ.च्या दोन बॅगा मात्र मला उचलेनात. उघडल्या, तो आत तिचे लोकरीचे कपडे, चष्म्याच्या नंबराचे जुने कागद, तिच्या वडिलांचा फोटो. तीन आठवड्यांसाठी एवढे कशाला, असे मी विचारले.

ती पलंगाची चादर घालत होती. मान वर न करता म्हणाली — "आईला वृद्धाश्रमात पाठवायचं नाही आणि तुम्हाला विचारायचं नाही, एवढं ठरवून निघाले होते. मी परत येणार नव्हते."

कपडे कपाटात लावून झाले आहेत. दोन्ही रिकाम्या बॅगा मी माळ्यावर टाकल्या — पार आत, शिडी घेऊनही हात पोचणार नाही अशा.