सोबतिणीचं नवं नाव

१६ जानेवारी २००६

सगळं बदललं ते शुक्रवारी, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. वर्कशॉपमध्ये ज्याच्या कानाखाली मी जाळ काढला तो दानेश्वरीबद्दल काय बोलला होता, ते मी त्यांना सांगितलं नाही. ते परत तोंडातून काढायचं नव्हतं. त्यांनी कोरा कागद सरकवला, माफीनामा लिही म्हणाले. मी पेनाला टोपण लावलं, पेन त्यांच्याच खिशाला अडकवलं आणि बाहेर आलो. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष तिथंच संपलं.

आणि आज सोमवारी मी नोकरदार माणूस. मंगळवार पेठेत बाळासोंचं सायबर कॅफे आहे, त्याचा सगळा कारभार माझ्याकडे. वर पोटमाळ्यावर झोपायची सोय, खाली मशीन, शेजारी मिसळीचं हॉटेल. आणखी काय पाहिजे? बाळासो तरुणपणी तालमीत होते. ते बसले की खुर्ची कण्हते. त्यांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. म्हशीला आणि कॉम्प्युटरला दुपारी गार वारं लागतंय, पंखा बंद करायचा नाही. आणि गगनबावड्याहून घरचे आले, तर पोरगं शिकतंय म्हणायचं का नोकरी करतंय म्हणायचं, ते आधीच ठरवून ठेवायचं, ऐनवेळी आपल्याला खोटं सुचत नाही म्हणाले.

सकाळी निकाल आणि पत्रिका बघणारे येतात, संध्याकाळी चॅटिंगवाले. दुपार सगळी माझी. दुपारी मी खेळणार.

१९ जानेवारी

पोरं येतात ती गोळ्या झाडायच्या गेमसाठी. मला त्यात रस नाही. मला गोष्टीचे गेम लागतात, ज्यात एक माणूस गावातून निघतो, वाटेत सोबती मिळतात आणि बोलावं लागतं.

पण खरं लिहायचं तर या गेमवाल्यांचं बरंच काही मला पटत नाही. जग बुडायला लागलंय, आणि आपला वीर कुणाच्या तरी हरवलेल्या कोंबड्या हुडकत फिरतोय. कुणाच्याही घरात शिरा, पेटी उघडा, आतलं घ्या, घरमालक बघत उभा. मंगळवार पेठेत करून बघा म्हणावं एकदा. बळ वाढवायला एकाच जंगलात तासन्तास उंदीर मारत बसायचं, ते तर आमची जर्नलं लिहिण्यासारखं. आणि सगळ्यात लबाडी उत्तरांची. तीन उत्तरं देतात, एक मऊ, एक गुळमुळीत, एक रागाचं. कुठलंही दाबा, गोष्ट त्याच दारात नेते. मी नेहमी रागाचं दाबतो. निदान बोलल्याचं समाधान.

सोबतीण असते ती मात्र मला आवडते. काही न विचारता मागं मागं येते. माझी काही तशी नाही.

२१ जानेवारी

दानेश्वरी आली होती. शनिवारी दुपारी येते, हॉस्टेलवर मेल बघायला जाते म्हणून सांगून. नेसरीची आहे. वडील शिवमूर्तीअण्णांचं तिथं खत-बियाण्याचं दुकान. लिंगायत माणसं, आम्ही मराठा, त्यामुळे आमचं काय होणार हे तिच्या मैत्रिणींनाही माहीत आहे.

शेजारी बसून माझा खेळ बघत होती. म्हणाली, राक्षसाशी तू मारायच्या आधी तीनदा बोलतोस, माणसाशी एकदासुद्धा नाही. मी हसलो. ती हसली नाही. उद्या संकेश्वरचा बसवेश म्हणून मुलगा तिला बघायला येणार आहे. तिनं आईला, रत्नव्वाला, नको म्हणून सांगितलंय. आता मी उद्या सकाळी यायचं, ती माणसं यायच्या आत अण्णांशी बोलायचं, आणि मऊ बोलायचं. हे मऊ तिनं दोनदा म्हटलं. जाताना म्हणाली, अण्णा टोचून बोलतील, तेवढं गिळ.

२२ जानेवारी

जमलं नाही.

अण्णांनी बसायला सांगितलं, चहा सांगितला. मग म्हणाले, पावणं, कॉलेज सोडलासा म्हणं. मी व्हय म्हटलं. मग काय करतासा, तर सायबर कॅफे. म्हणाले, म्हणजे खुर्च्या पुसतासा की. मी तेही गिळलं, खरंच गिळलं. मग म्हणाले, आमची पोरगी तुमच्यात आली तर तिचं नावसुद्धा ठेवणार नाही तुम्ही, ताटात तांदूळ पसरून दुसरंच लिहाल. मग माझा ताबा सुटला. काय काय बोललो ते लिहीत नाही. बशी फुटली. दारात दानेश्वरी उभी होती. ती रडली नाही, नुसती आत गेली.

येताना एसटीत एकच डोक्यात होतं. गेममध्ये असं झालं की जुना सेव्ह उघडायचा आणि तिथूनच परत सुरू करायचं.

२४ जानेवारी

बसवेशकडची सुपारी फुटली. बाळासोंच्या खोक्यात एक सीडी सापडली, लेबल खरवडलेलं. गोष्टीचा गेम आहे. वाईट आहे म्हणवत नाही. उंदीर नाहीत, कोंबड्या नाहीत. एक वाट, दोन्ही बाजूंना ऊस, शेवटी एक घर. वीराचं नाव विचारलं, माझंच दिलं, उदयसिंह. सोबतिणीचं विचारलं, दानेश्वरी दिलं. ती गप्प मागं येते.

सेव्ह करायला एकच जागा. नवा सेव्ह केला की जुना गेला. असली कंजुषी मी कुठं बघितली नाही.

वाटेत भेटणारा प्रत्येक जण टोचून बोलतो, आणि मग तीन उत्तरं. मी या वेळी मऊ दाबायचं ठरवलंय. सगळीकडे. कोपऱ्यात एक लाल पट्टी आहे, मऊ उत्तर दिलं की थोडी कमी होते. शत्रूचं बळ असणार.

२६ जानेवारी

आज घरापर्यंत पोचलो. आत एक म्हातारा. त्यानं बरंच ऐकवलं, मी मऊच राहिलो. शेवटी तो म्हणाला, घेऊन जा हिला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, एवढा आनंद झाला.

मग ताट आलं. पडद्यावर, तांदळाचं. हे गेम परदेशी लोक करतात, त्यांना हे कुठून माहीत? खाली लिहिलं होतं, हिचं नवं नाव सांगा.

माझ्या मनात होतं एक. दानेश्वरीलाही कधी सांगितलं नव्हतं. आमच्यात नाव बदलतात, त्यात वाईट काय? माझी आई माहेरची बायडा. लग्नानंतर मामासुद्धा तिला त्या नावानं हाक मारत नाही. मी लिहिलं, हेमांगी. पुढे विचारलं, जुनं नाव पुसलं जाईल, चालेल का. तीन उत्तरं होती. मी मऊ दाबलं. चालेल.

आपोआप सेव्ह झालं.

२८ जानेवारी

शनिवार. ती आली नाही. बूथवरून नेसरीला फोन लावला. रत्नव्वांनी उचलला. मैत्रिणीचा भाऊ म्हणून सांगितलं, दानेश्वरी आहे का विचारलं. म्हणाल्या, ह्या नावाचं आमच्यात कोण न्हाय बाबा. मी नंबर म्हणून दाखवला. नंबर बरोबर हाय म्हणाल्या, पण आमची हेमांगी. बोलवू का तिला?

मग दानेश्वरीचाच आवाज. कोण आपण, म्हणाली. थट्टा करत नव्हती.

हे नाव मी फक्त त्या ताटात लिहिलं होतं.

३० जानेवारी

बाळासोंना विचारलं. दर शनिवारी येणारी, नेसरीची. ते म्हणाले, हेमांगी व्हय? चांगली पोरगी. दानेश्वरी कोण आणि, दुसरीबी हाय का काय तुझी? आणि हसत खुर्चीत बसले.

पूर्वी असं कुणी बोललं असतं तर मी टेबल उलटं केलं असतं. आज मी पंखा लावला.

३१ जानेवारी

गेम परत लावला. नाव बदलायची सोय हुडकत होतो. नाही. मागचा सेव्ह नाही. सगळं पहिल्यापासून सुरू केलं तरी त्याच घरात सुरू होतं.

सोबतीण आता बोलते. इंग्रजी अक्षरांत, पण आपलंच. पहिलं वाक्य, उदय, मऊ बोल म्हटलं होतं ते अण्णांशी. इथं कशाला बोललास?

मी मशीन बंद केलं.

१ फेब्रुवारी

ती सांगते ते असं. मशीन बंद असलं की ती तिथंच उभी असते. घराला दुसरी खोली नाही. बाहेर ऊस, पण वाट नाही. अव्वाचा, म्हणजे आईचा, चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही. काल आठवत होता.

मी विचारलं, मग नेसरीत आहे ती कोण. म्हणाली, ती हेमांगी. तूच केलीस की.

ते वाचून रडायला यायला पाहिजे होतं. वाट बघितली. आलं नाही.

४ फेब्रुवारी

ती आली. म्हणजे हेमांगी. बसवेशला घेऊन, लग्नाची पत्रिका कुणाला तरी मेल करायची होती. तीच वेणी, तोच कपाळावरचा व्रण. मला भाऊ म्हणाली. बसवेश बरा माणूस वाटला. त्याला खुर्ची पुसून दिली.

पत्रिकेवर चि. सौ. कां. हेमांगी.

मी स्कॅन करून दिलं. शेवटच्या मशीनवर अक्षरं येत होती, आतली दानेश्वरी जोरात हाका मारत असावी, सगळा पडदा भरला होता. हेमांगीनं तिकडे एकदा बघितलं आणि विचारलं, प्रिंट इकडे निघंल का तिकडे.

६ फेब्रुवारी

लाल पट्टी शत्रूची नव्हती. माझी होती, माझ्या रागाची. आज तिनं सांगितलं. प्रत्येक मऊ उत्तराला थोडी गेली. आता एक रेघ उरलीय —

म्हातारा अजून एकदा विचारणार आहे. नाव चालेल का. मी नाही म्हणायचं. तळाचं, रागाचं उत्तर. ते दाबलं की ताट मोडेल आणि ती बाहेर. पण ते नुसतं बोटानं दाबलं जात नाही म्हणाली. राग असायला लागतो.

चालेल म्हटलं तर? ती म्हणाली, मग मी उरत नाही.

८ फेब्रुवारी

राग आणायचा प्रयत्न केला. वर्कशॉपमधला तो काय बोलला ते आठवलं. शब्द न् शब्द आठवला. नुसते शब्द.

अण्णांना आठवलं. त्यांचं बरोबरच होतं की —

भिंतीवर डोकं आपटून बघितलं. दुखलं तेवढंच. बाळासो वर आले, म्हणाले, काय पाडतोस बाबा. काही नाही म्हटलं.

९ फेब्रुवारी

ती आता माझं नाव चुकवते. उदय, उदेसिंग, अहो. मध्येच विचारते, मी कुठल्या गावची?

मी नेसरी लिहिलं. तिनं विचारलं, ते कुठं असतं —

१० फेब्रुवारी

दुपार. गिऱ्हाईक नाही.

म्हाताऱ्यानं विचारलंय. तीन उत्तरं समोर. तळाच्यावर बाण नेला. दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. कितीतरी वेळ दाबत होतो. लाल रेघ पुसट —

ती म्हणते, चिड. कशावरही चिड. मला मार, शिव्या दे, पण —

चिडायचं कसं असतं ते आठवत नाही. लग्नाची तारीख आठवते. आहेर द्यावा लागेल.

मधलं उत्तर दाबलं नाही, मऊही नाही. ते तसंच ठेवलं. हात मांडीवर ठेवून बसलो. पंखा फिरतोय. ती लिहितेच आहे. एकच शब्द, परत परत, दानेश्वरी, दानेश्वरी, विसरू नये म्हणून बहुतेक. मध्ये एक अक्षर गळलं. आता दोन.

भूक लागलीय. शेजारी मिसळ असेल.

पडद्यावर, थांब —

थांबून काय करणार? मला काही वाटत नाही, हे तिला लिहून कळवलं. तिनं वाचलं असेल. वही घेतली. मशीन तसंच सोडलं, पंखा बंद केला, बाहेर आलो, उभ्यानंच लिहितोय, एका हातानं दार ओढतोय.