शेवटच्या कडव्यातले सुभेदार

ती. मंदाताईस,
श्रीधरचा साष्टांग नमस्कार.

खर्र… खर्र… खर्र. आठवतो का गं हा आवाज? आपल्या साताऱ्याच्या घरापुढच्या खडीवरून पत्र्याची ट्रंक ओढत कुणीतरी फौजी रजेवर यायचा आणि तू भाकरी तव्यावर टाकून दाराकडे पळायचीस. (भाकरी करपायची. बोलणी मी खायचो. का, ते आजतागायत कळलेलं नाही.) हल्ली तोच आवाज कानात बसलाय. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की नुसतं लावते म्हणतेस? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. क्षेम काहीही नाही.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीने यंदा कारगिल विजय दिनाला माजी सैनिकाचा सत्कार करायचं ठरवलं. मुलांना सैनिकांची सेवा कळावी, हा हेतू. पुण्यात हेतू नेहमीच उत्तम असतो. माजी सैनिक आमच्याकडे एकच, तळमजल्यावरचे सुभेदार हिंदुराव. उभी नोकरी तोफखान्यात, कारगिललाही होते. रोज सकाळी बागेतल्या बाकावर आम्ही दोघे बसतो; ते डाव्या टोकाला, मी त्यांच्या उजवीकडे. शाळेत पाठ केलेल्या कविता मी म्हणतो, मग स्वतःच्याही म्हणतो, आणि ते मान डोलावत ऐकतात. मध्ये बोलणं नाही, घड्याळ बघणं नाही. ताई, या वयात असा श्रोता म्हणजे काय, ते तुला कळायचं नाही. तू माझी एकही कविता शेवटपर्यंत ऐकलेली नाहीस. क्वचित तेच काही सांगायला लागतात. "मास्तर, आमच्यात एक उत्तरेश्वर होता…" पण तोवर मला पुढची ओळ आठवलेली असते.

सांस्कृतिक समितीची चिटणीस आमची सूनबाई भाग्यश्री. (खराडीला कंपनीत आहे. तिथे उरलेल्या मीटिंगा घरी येऊन घेते.) ती म्हणाली, "बाबा, काकांवर एक पोएम लिहा ना. एकदम इमोशनल. मुलं परफॉर्म करतील." खुद्द हिंदुरावांचं मागणं एवढंच, की पाच मिनिटं द्या, पोरांना उत्तरेश्वरची गोष्ट सांगतो. ती दिली. पत्रिकेत अगदी शेवटी, आभाराच्या आधी.

मी कविता लिहिली. आता तूच सांग. गल्लीत सैनिक ट्रंका घेऊन परत येत होते, मान्य. पण आपल्या शाळेच्या पुस्तकात शेवटच्या कडव्यात सैनिक धडधाकट घरी येऊन चहा पितोय, अशी एक तरी कविता होती का? शिकवताना गुरुजींचा आवाज कापायचा तो काय उगाच? कवितेलाही स्वतःची ओढ असते गं. अकराव्या कडव्यात हिंदुराव छातीवर गोळी झेलून उभे राहिले. बाराव्यात त्यांना उभं ठेवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. वीरमरण आलं. लिहिताना मी स्वतः रडलो, उशी भिजली.

पुढचं सगळं इतरांनी केलं, हे नीट ध्यानात ठेव. भाग्यश्रीने कविता आणि फोटो फ्लेक्सवाल्याला पाठवला. त्याने कविता वाचली (कविता वाचणारा फ्लेक्सवाला सबंध पुण्यात माझ्याच वाट्याला यावा!) आणि आपल्या अकलेने वर ठळक छापलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कार्यक्रम पार्किंगमध्ये. मुलांना कविता तोंडपाठ, त्यामुळे फोटोचं काय करायचं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी त्याला चंदनाचा हार घातला आणि पुढे समई लावली. भाग्यश्री ट्रॅफिकमधून धापा टाकत पोचली तोवर पाहुणे भाषणाला उभे. (येत्या निवडणुकीत उभे राहू बघणारे एक गृहस्थ; सराव चालू असतो.) त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, गहिवरले, आणि "आज सुभेदारसाहेब आपल्यात नाहीत" इथून सुरुवात करून पाऊण तास बोलले. सुभेदारसाहेब तिसऱ्या रांगेत होते. मी खुणा केल्या, त्या पाहुण्यांना दाद वाटल्या. शेवटी त्यांनी दोन मिनिटं स्तब्धता पाळायला सांगितली, आणि ताई, सगळ्यांत आधी कोण उठलं असेल? हिंदुराव! टाचा जुळवून, छाती काढून, स्वतःच्या श्रद्धांजलीला सावधान. पापणी हलली नाही. सगळं पार्किंग त्यांच्याकडे बघतंय आणि कुणाला बोलता येईना, कारण स्तब्धता.

ती संपल्याबरोबर पहिलीतल्या स्वरालीने खणखणीत आवाजात विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठल्या कडव्यात परत जिवंत झालात?"

मग त्यांच्या पत्नी यमुनाबाई उठल्या. फोटोचा हार ओरबाडून काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "मास्तर, हे कपाळावरचं कुंकू दिसंना व्हय तुम्हास्नी? यमक जुळंना म्हणून माझ्या मालकास्नी मारलंत?" (यमक उत्तम जुळलं होतं. पण ती सांगायची वेळ नव्हती.) मी म्हटलं, अहो, सुभेदार माझे रोजचे श्रोते, मी त्यांचं वाईट कसं चिंतीन? तर म्हणाल्या, "कसलं श्रोतं! तोफांनी त्यांचा उजवा कान पार गेलाय. ती बाजू तुमच्याकडं करून बसत्यात, म्हणून टिकल्यात!"

आता सांग, मी शोक नेमका कुणाचा करायचा?

या गोंधळात त्यांची शाल राहिली आणि ती पाच मिनिटंही राहिली. मुलं वडापाव खाऊन वर गेली. दुसऱ्या दिवसापासून बाक रिकामा. दार वाजवलं की यमुनाबाई "गावाला गेल्यात" म्हणतात आणि कुठल्या गावाला, हे विचारायच्या आत लावून घेतात. मी एकटाच बसतो. कविता म्हणावी, तर शेजारचे लोक बाक बदलतात. मग विचार येतो, हा उत्तरेश्वर होता तरी कोण? बघ, एवढी वर्षं शेजारी बसून हे मला ठाऊक नाही. असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुझा, श्रोता गमावलेला,
श्रीधर

ता. क. मुख्य काम राहिलंच. यमुनाबाई चौथीला तुझ्या वर्गात होत्या, तू त्यांची बाई. तुझं नाव निघालं की अजून पदर सावरतात. त्यांना एक फोन कर. सुभेदारांना बाकावर परत पाठवायला सांग. वाटल्यास उजवा कानच माझ्याकडे ठेवा म्हणावं, माझी तक्रार नाही. आणि जन्मात एकदा माझ्या बाजूने बोल.

ता. क. २. माफीची कविता सोबत जोडली आहे. हिच्यात कुणीही मरत नाही. त्यामुळे ती संपायलाही तयार नाही.

ता. क. ३. फोन करू नकोस. पाकीट चिकटवत होतो तोच बेल वाजली. दारात हिंदुराव, गुडघ्यापर्यंत चिखल. मी हात जोडले, तर म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मला नीट ऐकू आलं नाही. कविता मागनं पोरांकडनं वाचून घेतली. सगळी बरोबर आहे. फक्त नाव चुकलंय." आणि बाजूला झाले. मागे काठी टेकत उभी असलेली एक म्हातारी. "ही वेणूबाई. उत्तरेश्वरची आई. लातूरकडनं घेऊन आलो. त्या दोन मिनिटांत मी त्याच्यासाठीच उभा होतो. आता हिला वाचून दाखवा."

यमुनाबाईंनी चहा टाकलाय, भाग्यश्री मुलांना गोळा करत्येय, आणि मी चष्मा शोधायला आत आलोय. हिंदुरावांच्या नावापेक्षा उत्तरेश्वरमध्ये एक अक्षर जास्त आहे, ओळीत बसत नाही. मोडू दे ओळ. पण ताई, आधी ती पाच मिनिटं त्यांची, कविता नंतर. बाहेर त्यांनी स्वतः खुर्ची उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला मांडली आहे. डावा कान माझ्याकडे.