शेंदराखालचा हात

कोपर, डोंबिवली पश्चिम
२० फेब्रुवारी २०२५

चि. निशास आत्याचे अ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने गाठते. बांधावरच्या दगडाचा, आपल्या बांधदेवाचा शेंदूर तू काढलास, त्याचा व्हिडिओ गावभर फिरतोय. भिवाकाका नाक्यावर सांगतात की पोरगी पालिकेत साहेबीण झाली आणि पहिला आपलाच देव सोलून बसली. शालूने तर भाजीवालीसमोर विचारलं की कलाआत्या, तुमची भाची गावदेवीची साडी कधी फेडणार? भाजी तिथेच ठेवून मी घरी आले.

होळीच्या आधी सवाष्णी बांधदेवाला तेल-शेंदूर लावतात, हे तुला ठाऊक होतं. तुझी आई तुला कडेवर घेऊन जायची. मग असं का केलंस? खरं ते कळव.

जेवत जा. माझी माया होती तशीच आहे.

तुझी
कलावती आत्या


ठाणे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास निशाचा शि. सा. न. वि. वि.

तुझा आवाज ऐकायचं धाडस होत नाही. नवे रस्ते आणि इमारती आखताना गावातलं जुनं काय राखायचं, ते बघणं हे माझं नगररचना विभागातलं काम. परक्या गावातल्या एका दगडासाठी मी सभा घेतली, बायकांनाही बोलावलं. आपल्या गावात मात्र खाली काय कोरलंय ते बघायला कोणालाच न विचारता शेंदूर काढला. माहेर माझं, देवही माझाच, असं धरून चालले. त्याची लाज जात नाही.

शेंदराखाली देव नाही, आत्या. कोपराशी वाकलेला बाईचा हात आहे, त्यात बांगड्या, वर चंद्र-सूर्य. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईच्या नावाने असे सतीचे दगड उभारत. गाव बिथरलंय, तेव्हा दगड उचलून कार्यालयाच्या आवारात आणू, असं साहेबांचं म्हणणं. मी तसा अहवाल दिला की तो बांधावरून कायमचा जाईल. दहा मार्चला द्यायचाय. दगड गेला की मलाही गावात तोंड दाखवावं लागणार नाही, असंही मनात येतं. तूच सांग.

रागावली असलीस तरी दूर करू नकोस.

तुझी
निशा


कोपर
२ मार्च २०२५

चि. निशास अ. आ.

पत्र वाचलं आणि बांधावर गेले. हे गेल्यापासून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. ते सवाष्णींचं काम. मला कोणी अडवलं नव्हतं, कोणी बोलावलंही नव्हतं. आता तिथे कुणीच फिरकत नाही, म्हणून जाता आलं. दगड उन्हाने तापला होता. त्या हातावर माझा रिकामा हात ठेवून बसले. तिला जाळली आणि पुजली. मी जगले, तर दुरून पाया पडत राहिले. मला तिथे बरं वाटलं, निशा. गाव इतकं दुखावलेलं असताना बरं वाटलं, याची लाजही वाटली.

मग शालूला आणि बाकीच्यांना ओटीवर बोलावून तुझं पत्र वाचून दाखवलं. गोदूबाई म्हणाल्या की जळालेल्या बाईला पुरुष समजून आपण तिच्याकडे मुलगे मागत होतो. कोणी हसलं, कोणी डोळे पुसले. काहींना शेंदूर अजूनही हवाच आहे, त्यावरून भांडणही झालं. पण दगड बांधावरून हलू द्यायचा नाही, यावर सगळ्या ठाम आहेत.

अहवालात तेच लिही. पण आधी इथे ये. नऊ तारखेला, रविवारी, बायका बांधावर जमणार आहेत. तुझ्या वतीने मी माफी मागणार नाही, ती तुलाच मागावी लागेल. शालू टोमणे मारेल, भिवाकाका ओरडतील. ऐकून घे.

बायकांनी या वेळी मलाही बोलावलंय. हो म्हणाले खरी, पण सगळ्यांदेखत त्या दगडापाशी एकटीने जायला माझे पाय उचलणार नाहीत. तू आलीस तर दोघी जाऊ.

वाट बघते. लोभ आहेच, तो इथे येऊन घे.

तुझी
कलावती आत्या